सहा रोपं

सकाळी झाड उभं होतं.
दुपारी त्यानं मान टाकली, हिरवीच्या हिरवी,
एक पान पिवळं नाही.
हंसाबेन भिंतीवरून म्हणाल्या,
"एने तरस लागी छे, पाणी पाओ."
मी पाजलं. दोनदा.
दुखणं पाण्याबरोबरच चाललं होतं
या आळ्यातून त्या आळ्यात,
हे नंतर कळलं.

तेहेतीस वर्षं कारेलीबागेतून सायकल मारत
सरकारी दवाखान्याच्या तळघरात गेले,
लोकांचं रक्त काचपट्टीवर पसरलं,
नाव नाही, नंबर वाचला.
हाताला सवय आहे.
खोड बुंध्याशी तिरकं कापलं,
काचेच्या पेल्यात, नितळ पाण्यात
लोंबतं धरलं.
पाच मिनिटं.
कापल्या जागेतून दुधाचा एक धागा उतरला,
मग दुसरा,
सरळ, न हलता, तळाकडे.
बाहेर मैदानात गरब्याचा माइक तपासत होते:
हेलो, हेलो, एक, दो.
मी मनातच रिपोर्ट लिहिला, पॉझिटिव्ह,
आणि सही करता करता आठवली
सहा रोपं.

गणपतीच्या दिवसांत, याच वाफ्यातली,
याच मातीच्या गोळ्यासकट
वर्तमानपत्रात गुंडाळून वाटली होती मी.
एक हंसाबेनना.
दोन मोहित्यांच्या सुनेला.
एक गच्चीवर कुंड्या मांडणाऱ्या परिमलला.
एक शाळेच्या शिपायाला.
आणि एक
कुणाला दिलं ते आठवेना.
रात्रभर ते दारं वाजवत फिरलं.

सकाळी पेला घेऊनच निघाले.
काय बोलावं ते सुचत नव्हतं, पेला दाखवता येत होता.
परिमलचं कुंडीतच गेलं होतं;
कुंडी रिकामी करता येते.
शिपाई म्हणाला, बाई, उपटून टाकलं मागेच, शेणाच्या खड्ड्यात.
मी खड्ड्याकडे बघत राहिले.
मोहित्यांची सून म्हणाली, "काकू, फवारू काय?"
फवारायला काही नाही गं,
ते खोडाच्या आत, पाण्याच्या वाटेत बसलंय.
मुळासकट काढ, भोवतीची माती पिशवीत बांध,
खुरपं धू, चपलासुद्धा.
तिथे वांगं नको, मिरची नको, बटाटा नको,
सगळी एका कुळातली, एकाच दुखण्याची.
मका लाव. लसूण लाव.
"किती दिवस?"
तीन वर्षं, म्हटलं.
ती हसली.
"घर भाड्याचं आहे, काकू.
अकरा महिन्यांचा करार."

वैशाखात वाफा भिजवला,
वर पातळ, आरपार दिसणारं प्लास्टिक ताणलं,
कडा मातीत पुरल्या.
सहा आठवडे बडोद्याचं ऊन.
आतून थेंबांची दाटी,
पहाटे सगळा वाफा आंधळ्या आरशासारखा.
उत्सुकता म्हणून खाली थर्मामीटर खोचला,
पारा टोकाला जाऊन काच तडकली.
माणसाच्या तापाचा होता तो.
नोकरीभर ज्यानं टोक गाठलं नाही.

मग परिमलनं कलमं बांधायला शिकवलं:
खाली रानवांग्याचा काटेरी खुंट,
वर टोमॅटोचं शेंडं,
मधे छोटीशी चिमट.
चारांतली तीन सुकली.
रोगानं नाही, माझ्या थरथरीनं.
चौथ्याला आता फुलं आलीत.
मी त्याला खाली वाकून पाणी घालते,
थेट मुळाशी, शेजारी ओघळू न देता,
आणि कुणी कौतुक केलं तर ऐकू आलं नाही असं दाखवते.

हंसाबेन खुरपं मागत नाहीत आता.
खंडेराव मार्केटातून स्वतःचं आणलंय,
मुठीला लाल दोरा बांधून.
भांडण नाही. ढोकळ्याची वाटी येते, जाते.
रोपं मात्र मी वाटत नाही, फळं देते.
त्याही मोजून.

आणि भाजीच्या गर्दीत अनोळखी कुणी
ओळखीचं हसलं,
की मी तोंडाकडे बघायच्या आधी
नखं बघते,
माती आहे का त्यांत.